दीर्घकाळ बंद असलेल्या जुन्या मोटारीचे घरगुती कार्यशाळेत पुनरुज्जीवन : विशेष संदर्भ प्रीमियर पद्मिनी

प्रस्तावना :
वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होत असत. त्यांपैकी 'फियाट ११०० डिलाइट' ही मोटार १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने ओळखली जाऊ लागली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वपरिचित झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तेथील टॅक्सी सेवेतून निवृत्त झाली. नवी बॅटरी बसवून पेट्रोल भरले की अशी बंद गाडी चालू होते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः वर्षानुवर्षे उभे राहून जे इंजिन टिकते, ते घाईने दिलेल्या एका स्टार्टमुळे कायमचे निकामी होऊ शकते. म्हणून या कामाचा क्रम व त्यामागील कारणे समजून घेणे आवश्यक ठरते.

बंद गाडीत होणारे बदल :
पद्मिनीचे इंजिन चार सिलिंडरचे व १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे आहे. गाडी उभी राहिली की सिलिंडरच्या भिंतींवरील तेलाचा थर हळूहळू ओघळून जातो आणि दमट हवेमुळे पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतींना चिकटतात. पेट्रोलचे ऑक्सिडीकरण होऊन डिंकासारखा चिकट पदार्थ तयार होतो व तो कार्बुरेटरची सूक्ष्म छिद्रे बुजवतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. त्यामुळे चाकांजवळील ब्रेक सिलिंडर आतून गंजतात.

कामाचा क्रम :
१) प्रथम चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडावे व एक-दोन दिवस थांबावे. त्यानंतर क्रँकच्या पुलीला पाना लावून इंजिन हाताने फिरवावे. ते न फिरल्यास स्टार्टरचा जोर लावू नये. रिंगा तुटून सिलिंडरवर चरे पडतात.
२) जुन्या इंजिन ऑइलमध्ये आम्ल व ओलावा साठलेला असतो. ते बदलून, प्लग काढलेल्या स्थितीत व प्रज्वलनाची जोडणी सोडवून, ऑइलच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टरने इंजिन थोडे थोडे फिरवावे. त्यामुळे बेअरिंगांपर्यंत तेल पोहोचते.
३) टाकी रिकामी करून धुवावी, कार्बुरेटर उघडून स्वच्छ करावा व रबरी नळ्या बदलाव्यात. भारतात आज पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. ते जुन्या रबराला हानिकारक असल्याने इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्याच निवडाव्यात.
४) डिस्ट्रिब्युटरमधील सी.बी. पॉइंट स्वच्छ करून त्यांतील अंतर उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. रेडिएटर धुऊन त्यात नवे शीतक भरावे.
५) पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. त्यांचे रबरी वायसर व ब्रेक ऑइल बदलून प्रणालीतील हवा काढल्याशिवाय गाडी जागेवरून हलवू नये.

इंजिन बंद खोलीत चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो व तो प्राणघातक असतो. तसेच केवळ जॅकच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली शिरू नये.

कायदेशीर बाजू :
केंद्र शासनाने २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार, पहिल्या नोंदणीस ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या गाडीची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. ही नोंदणी १० वर्षांसाठी असते. मात्र प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल यांसारख्या मर्यादित कारणांसाठीच अशी गाडी रस्त्यावर आणता येते. १९७४ साली नोंदलेल्या गाड्यांनी २०२४ मध्ये वयाची ही अट पूर्ण केली. म्हणून दुरुस्ती करताना मूळ भाग शक्यतो टाकून न देता दुरुस्त करणे हिताचे ठरते.

समारोप :
जुनी मोटार चालू करणे हे बळाचे नसून निदानाचे काम आहे. वंगण, इंधन, ठिणगी, शीतन व ब्रेक यांची क्रमाने तपासणी केल्यास बहुतेक दोष पहिल्या स्टार्टपूर्वीच हाती लागतात. पद्मिनीसारख्या यंत्राचे सर्व भाग डोळ्यांना दिसतात व साध्या हत्यारांनी उघडता येतात. त्यामुळे गाडीबरोबरच ती दुरुस्त करण्याचे ज्ञानही जतन होते. कारागिरांची जुनी पिढी निवृत्त होत असताना या ज्ञानाचे मोल गाडीच्या किमतीहून कमी नाही.