पापलेट मोजायचं कुठपर्यंत?

सातपाटीला होडी लागली की पापलेट आधी हातात तोललं जातं. सोसायटीचा माणूस ते उचलतो न उचलतो तोच ‘सुपर’ की एक नंबर, हे ठरलेलं असतं; काटा नुसता शिक्का मारतो. मग वहीत नोंद. पालघर जिल्ह्यातल्या या गावात सहकारी सोसायट्यांनी असा हिशेब कित्येक दशकं ठेवलाय. वही आहे पैसे चुकते करण्यासाठी. पण पापलेट घटल्याची ओरड आकड्यांनिशी करता आली ती तिच्यामुळेच.

शास्त्रज्ञ येतो तो मोजपट्टीची फळी घेऊन. मासा आडवा ठेवतो, तोंड टेकवतो आणि शेपटीपाशी वाद सुरू होतो. पापलेटच्या शेपटीला खोल बेचकं, त्यात खालचं टोक लांब. बेचक्यापर्यंत मोजा, एक आकडा. टोकापर्यंत मोजा, दुसरा. पूर्वी याचं कुणाला सोयरसुतक नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट राज्यमासा झालं, नोव्हेंबरात राज्याने ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. तेव्हापासून ती फळी पोलिसाच्या दंडुक्यासारखी दिसते.

असे आकडे निघतात ते पोट फाडून. मादीची अंडी कितपत पिकलीत ते पाहायचं आणि निम्म्या माद्या ज्या लांबीला पिकलेल्या सापडतात ती धरायची. पण फाडलेल्या माशाला लिलावात भाव कोण देणार? म्हणून तो बाजारभावाने विकत घ्यावा. फुकट ‘नमुना’ मागणाऱ्याला दुसऱ्यांदा कुणी जवळ करत नाही. फ्लेक्स लावून भरवलेल्या कार्यशाळेपेक्षा या रोख पैशाने जास्त काम होतं, असं माझं मत.

दालदी जाळं लावणाऱ्या मच्छीमारांचा सवाल वेगळाच असतो: नियम माशाच्या लांबीला कशाला, जाळ्याच्या आसाला लावा! मोठ्या आसातून पिल्लू निसटतं. डोल जाळ्याच्या बारीक शेपटात सगळंच अडकतं. वर येईतो मेलेलं पिल्लू परत टाकून काय साधणार? प्रश्न रास्त आहे, आणि पावसाळी बंदी ३१ जुलैला न उठवता पुढे न्या, ही मागणीही याच गावाची.

वही एक गोष्ट मात्र सांगत नाही: तेवढं पापलेट आणायला होडी किती लांब गेली? मासळी तेवढीच आणि फेरी दुप्पट लांबीची, तर ती घटच. याचा माग सोसायटीच्याच डिझेलच्या वहीत लागू शकतो. पण डिझेल उधाणात जळलं की भांगात, जाळं कुठे टाकलं, हे होडीच्या तांडेललाच ठाऊक. नेमकी जागा तो सांगत नाही. दुसऱ्या होडीच्या कानावर गेली तर उद्या तिथे गर्दी. जागेचा रकाना शास्त्रज्ञाने कोराच सोडावा. पाणी किती वाव खोल होतं, ते तांडेल खुशाल सांगतो.