भाराचा समतोल

बैलगाडी भरताना जाणता गाडीवान पोती कशीही रचत नाही. भार मागे अधिक झाला तर गाडी उलाळते, जू वर उचलले जाते आणि बैलांचे गळे आवळले जातात. भार पुढे अधिक झाला तर त्यांच्या माना दबतात. ओढणारे बैल असोत की मोटार, हा नियम बदलत नाही.

अमेरिकेत अनेक कुटुंबे मोटारीमागे ‘ट्रॅव्हल ट्रेलर’, म्हणजे चाकांवरचे लहानसे घर, जोडून प्रवासाला निघतात. या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी साधारणपणे १० ते १५ टक्के भार मोटारीच्या जोडावर यावा, असा संकेत आहे. तो फार कमी असेल, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे हेलकावे घेऊ लागतो आणि मोटारीलाही रस्त्याबाहेर खेचू शकतो.

मात्र योग्य भारही एक अडचण निर्माण करतो. जोड मोटारीच्या मागच्या चाकांच्याही मागे असतो. त्यामुळे मोटार तरफेसारखी वागते आणि मागची चाके टेकू बनतात. समजा, ट्रेलरचे वजन ३,००० किलो आहे आणि जोडावर ३६० किलो भार आहे. मोटारीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ३.६ मीटर आहे आणि जोड मागच्या चाकांपासून १.२ मीटर मागे आहे. अशा वेळी पुढच्या चाकांवरचा भार १२० किलोंनी घटतो आणि मागच्या चाकांवरचा ४८० किलोंनी वाढतो. मोटार मागे बसते, दिव्यांचा झोत वर जातो, पुढच्या चाकांची रस्त्यावरील पकड सैल होते. वळवणे आणि थांबवणे ही दोन्ही कामे याच पकडीवर अवलंबून असतात.

यावरील उपाय म्हणजे भार वाटून देणारा जोड. त्यात स्प्रिंगप्रमाणे लवचीक असे दोन पोलादी दांडे असतात. त्यांचे एक टोक मोटारीकडील जोडात बसते. दुसरे टोक साखळीने किंवा कंसाने ट्रेलरच्या सांगाड्याला ताणून धरले जाते. एकचाकी ढकलगाडीचे दांडे उचलल्यावर तिचा मागचा भाग वर येतो. तसेच हे दांडे मोटारीची मागची बाजू सावरतात. मागच्या चाकांवरचा काही भार पुढच्या चाकांवर परततो आणि काही ट्रेलरच्या चाकांवर जातो.

ताण किती द्यावा? जोडण्यापूर्वी पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची मोजावी. ट्रेलर जोडल्यावर ती वाढते. मग उत्पादकाच्या सूचनेनुसार ताण देऊन ती मूळ उंचीकडे आणावी. ताण अती झाला, तर मागचीच चाके हलकी पडून घसरण्याचा धोका असतो. काही मोटारींना हा जोड चालत नाही. म्हणून त्यांची माहितीपुस्तिका आधी वाचावी.

हे साधन भार वाटते, कमी करत नाही. मोटारीची ओढण्याची क्षमताही त्यामुळे वाढत नाही. चुकीच्या पद्धतीने भरलेल्या ट्रेलरचा दोष ते झाकू शकत नाही. म्हणून जड सामान ट्रेलरच्या चाकांवर किंवा किंचित पुढे, तळाशी ठेवावे, आणि निघण्यापूर्वी वजनकाट्यावर खात्री करून घ्यावी. साधन कितीही चांगले असले, तरी गाडीवानाची जाण त्याआधी हवी.