अकलूजच्या उसात टस्कनीची द्राक्षं

देहूहून निघणारी तुकोबांची पालखी अकलूजला मुक्काम करते. हा पट्टा उसाचा, साखर कारखान्यांचा. इथे वाईनची द्राक्षं लावायची कल्पना २००७च्या सुमारास मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी आणि इटलीचे सेच्ची या तीन घरांतल्या भावांनी उचलली आणि ‘फ्रातेल्ली’ ही वायनरी उभी राहिली.

पण वाईनला चव दिली ती पिएरो मासी यांनी. टस्कनीतल्या कियांती भागात मुरलेला हा वाईनमेकर थेट माळशिरस तालुक्यात आला. युरोपात वेल थंडीत झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही. म्हणून छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, पावसाळा सरता सरता फळछाटणी. तिकडे तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, इथे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणजे आयुष्यभराचं वेळापत्रकच उलटं!

मोटेवाडी, गारवाड आणि निमगावच्या मळ्यांत मासींनी मुद्दाम सांजोवेसे लावली, टस्कनीची लाडकी जात. कॅबरने सोव्हिन्यॉंसोबत तिचं मिश्रण करून ‘सेत्ते’ तयार झाली. भारतीय रेड वाईनच्या याद्यांत तिचं नाव बऱ्याचदा वर असतं, आणि माझ्या मते ते रास्त आहे.

पुणेकरांनो, वाईन म्हटलं की गाडी नाशिककडेच का वळते?