मरळीच्या तोंडातलं रबर

रबरी गांडूळ फाटतं कधी, असं विचारलं तर कुणीही सांगेल की मासा चावल्यावर. काठावर बसून तेवढ्यावरच लक्ष ठेवलं की उत्तर बदलतं. बरीच गांडुळं गळाला लावतानाच अर्धी फाटलेली असतात. काही पाण्यात टाकतानाच्या हिसक्याने फाटतात, आणि सगळ्यात जास्त फाटतात मासा हातात आल्यानंतर, गळ सोडवताना. माशाचा वाटा असतो, पण आपण धरतो तेवढा मोठा नाही.

शिंदखेडा तालुक्यात हे पाहायला सोयीची जागा म्हणजे तापीवरच्या सुलवाडे बॅरेजचा फुगवटा. पावसाळ्यात दरवाजे उघडे असतात आणि नदी गढूळ, बेभरवशाची असते. पूर ओसरून पाणी अडवलं की काठच्या बाभळी, बेशरमाची झुडपं आणि गवत निम्मं पाण्यात जातं. जलपर्णीचे पुंजके वाऱ्याबरोबर एका काठावरून दुसऱ्या काठावर सरकतात. वर मुडावदला कपिलेश्वराच्या मंदिरापाशी पांझरा तापीला मिळते, तिथेही अशीच अडचणीची, आडोशाची जागा आहे. मरळ इथेच राहते. ती पाण्याबाहेरची हवा घेते, म्हणून दर थोड्या वेळाने वर येऊन तोंड उघडते आणि पुन्हा खाली जाते. तो बुडबुडा आणि हललेलं गवत हेरून नेमकं तिथे आमिष टाकायचं, एवढाच हा खेळ आहे.

अमेरिकेत हाच खेळ बास नावाच्या माशासाठी खेळतात. बास आपल्या नद्यांमधला मासा नाही, पण सवयी मरळीसारख्या: आडोशाला थांबायचं, समोरून काही सरपटत गेलं की झडप घालायची. रबरी गांडूळ त्याच्यासाठीच जन्माला आलं. ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी निक क्रीम आणि त्याची बायको कॉस्मा यांनी १९४९ साली घरच्या स्वयंपाकघरात प्लॅस्टिक वितळवून ते साच्यात ओतलं. ॲक्रन हे टायरच्या कारखान्यांचं गाव, त्यामुळे मऊ गांडूळ तिथे निघावं यात आश्चर्य नाही. पुढे त्यांचा धंदा टेक्सासमधल्या टायलर गावी गेला, आणि गळाचं टोक गांडुळाच्या अंगात लपवून गवतातून ओढण्याची पद्धत टेक्सासच्याच नावाने जगभर पसरली. आज पुण्या-मुंबईचे हौशी मासेमार मरळीसाठी तीच पद्धत वापरतात, आणि त्यांच्या मागोमाग ती खानदेशातही आली आहे.

आपण याला रबर म्हणतो, पण ते रबर नसतं. बहुतेक गांडुळं पीव्हीसीची असतात, म्हणजे पाण्याच्या पाइपाची जात. त्यात मऊपणा आणणारं तेलकट द्रव्य भरपूर घातलं की पाइपाचं गांडूळ होतं. हे द्रव्य जितकं जास्त तितकं गांडूळ मऊ, त्याची शेपटी तितकी जिवंत आणि अंग तितकं फाटकं. त्यातच मीठ घातलेली जात निघाली. जपानी वंशाचे अमेरिकी मासेमार गॅरी यामामोटो यांचं ‘सेन्को’ हे तिचं सर्वांत गाजलेलं रूप. मिठाने वजन वाढतं, शिसं न लावताही ते लांब जातं आणि डुलत डुलत बुडतं. पण मिठाचा प्रत्येक कण ही त्या अंगातली एक चीर असते. सेन्कोला मासे भरपूर लागतात आणि एका माशात ते निकामी होतं, ही तक्रार जगभर एकच आहे. याच्या उलट टोकाला झेड-मॅन कंपनीचं ‘इलाझटेक’ आहे. ते वेगळ्याच जातीचं प्लॅस्टिक आहे. हाताने ताणलं तर कितीतरी पट लांबतं, तुटत नाही, पाण्यावर तरंगतं. मरळीसाठी मी टिकाऊ जात आधी वापरतो आणि खारवलेली जात राखून ठेवतो. मासा रुसलेला असेल, नुसता हुंगून परत जात असेल, तेव्हाच ती काढायची.

आता गळ. या कामाला मानेपाशी पायरीसारखा बाक असलेला गळ लागतो. टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मध्यभागी खुपसायचं, अर्धा सेंटिमीटर आत गेलं की खालून बाहेर काढायचं, गळ ओढत ओढत डोकं त्या पायरीवर आणून बसवायचं, मग गळ उलटा फिरवायचा. इथे घाई नडते. टोक पुन्हा अंगात घालण्याआधी गळ गांडुळाशेजारी नुसता धरून पाहायचा आणि बाक नेमका कुठे येतो तिथे नखाने खूण करायची. खुणेच्या पलीकडे टोचलं तर गांडूळ गोळा होतं, अलीकडे टोचलं तर ताणलं जातं. गोळा झालेलं पाण्यात गरगर फिरतं, तंगूस पिळला जातो. ताणलेलं पहिल्याच झटक्याला डोक्यापाशी उसवतं. सरळ लटकलेलं गांडूळ दिवसभर चालतं. एकदा चुकीच्या जागी पाडलेलं भोक बुजत नाही, आणि पुढची फाट तिथूनच सुरू होते.

डोकं पायरीवरून खाली घसरणं हा दुसरा रोग. गवताला अडकलं, जोरात फेकलं, मरळीने शेपटीला धरून ओढलं, की डोकं खाली सरकतं आणि आतलं भोक रुंदावत जातं. त्याला साधा उपाय आहे. जाड तंगूसाचा बोटभर तुकडा घ्यायचा, गांडुळाच्या डोक्यातून आणि आतल्या गळाच्या नेढ्यातून आडवा आरपार काढायचा आणि दोन्ही बाजूंनी कातडीलगत कापून टाकायचा. ही खीळ डोकं जागेवर धरून ठेवते. कुणी दातकोरणीची काडी वापरतात, तीही चालते, पण पाण्यात फुगून मोडते. गळाच्या मानेवर फेविक्विकचा एक थेंब टाकून त्यावर डोकं बसवणारेही आहेत. घट्ट बसतं खरं, पण मग गळ बदलायचा तर गांडुळाचं डोकं गळालाच राहतं.

गांडूळ मधोमध टोचून दोन्ही टोकं लोंबती ठेवण्याचीही एक रीत आहे. तिच्यात गळ थेट अंगात घातला तर दोन-तीन फेकींत मधोमध दोन तुकडे होतात. परदेशात यासाठी रबरी कडी विकत मिळते. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तारांच्या जोडावर चढवायची, गरम केली की आवळणारी नळी मिळते. तिचा छोटा तुकडा गांडुळाच्या कमरेवर चढवायचा आणि गरम पाण्यात क्षणभर बुडवायचा. मग गळ नळी आणि कातडी यांच्यामधून काढला की ओढ नळीवर येते. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा कापलेला तुकडाही हेच काम करतो, फक्त गांडूळ बारीक हवं.

काठावर एक भोई आप्पा असतात. त्यांचा रबरावर विश्वास नाही. ते उकिरड्यातली खरी गांडुळं आदल्या दिवशी काढतात आणि ओला, कुजका पाला घातलेल्या डब्यात सावलीला ठेवतात. रात्रभरात गांडुळाच्या पोटातली माती निघून जाते, कातडी घट्ट होते आणि ते गळावर जास्त वेळ टिकतं. इंग्रज लेखक आयझॅक वॉल्टनने १६५३ साली ‘द कम्प्लीट अँग्लर’ या पुस्तकात शेवाळात गांडुळं ठेवून ती कणखर करण्याची रीत लिहिली आहे. तापीकाठचा डबा तिचाच भाऊ. लावताना आप्पा बोटांना राख लावतात, म्हणजे गांडूळ निसटत नाही आणि चिमटीत दाबावंही लागत नाही. माझं फाटलेलं रबर पाहून ते एवढंच म्हणाले, “भो, मासा नही तोडत, तुना हात तोडस.”

ते बरोबर आहे. मासा लागला की आपण त्याला बाहेर ओढतो, तो उड्या मारतो, आणि आपण गांडूळ मुठीत धरून गळ हिसकतो. धरायचा असतो तो गळाचा दांडा, तोही पक्कडीने. मरळीच्या खालच्या जबड्याला सुळ्यांसारखे दात असतात, त्यामुळे बोट घालण्यात शहाणपण नाही. पक्कडीने दांडा फिरवून टोक मागे काढलं की रबराला धक्का लागत नाही. बहुतेक वेळा ते तंगूसावर वर सरकलेलं असतं. हळूच खाली आणून पुन्हा पायरीवर बसवायचं. फेकतानाही काठी डोक्यावरून फटकारण्याऐवजी बाजूने, झोका दिल्यासारखी चालवली तर गांडुळाच्या डोक्यावर ताण कमी येतो. चिलापी आणि खेकडे शेपटी कुरतडतात, त्यावर मात्र इलाज नाही. सारखे टकटक धक्के बसू लागले की जागा बदलावी, मरळ तिथे नसते.

डोकं फाटलं म्हणजे गांडूळ संपलं असं नाही. सात इंची गांडुळाचं डोकं ब्लेडने बोटाच्या पेराएवढं कापलं की नवं डोकं तयार. असं तीनदा कापल्यावर चार-पाच इंचांचं उरतं, आणि उन्हाळ्यात पाणी कमी असताना मला ते अख्ख्यापेक्षा बरं वाटतं. शेपटी गेलेलं उलटं लावता येतं.

मधोमध फाटलेलं सांधताही येतं. मेणबत्तीवर सुवा तापवायचा, फाटीच्या दोन्ही कडांना तो हलकेच टेकवायचा, कडा चमकू लागल्या की दाबून धरायच्या आणि गार पाण्यात बुडवायच्या. ज्योत थेट गांडुळाला लावू नये. पीव्हीसी जास्त तापलं की घशाला झोंबणारा, आम्लाचा धूर सोडतं, म्हणून हे काम ओसरीवर, वाऱ्याच्या बाजूला बसून करावं, स्वयंपाकघरात नाही. फेविक्विकने चिकटवलेली जागा कडक होते आणि गांडुळाचं डुलणं थांबतं; डोक्यापाशी ते चालतं, अंगात नाही.

आणि ऊन. आपल्या भागात मासा नाही तेवढी रबरं ऊन खातं. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, आणि उभ्या मोटारसायकलच्या डिक्कीत किंवा बंद गाडीत त्याहून कितीतरी अधिक. एका दुपारीत गांडुळं एकमेकांना चिकटतात, लाल रंग पांढऱ्यात उतरतो, शेपट्या वाकड्या होतात. अंगातलं तेल बाहेर येतं आणि ते जिथे लागेल तिथलं प्लॅस्टिक मऊ करतं, म्हणून साध्या प्लॅस्टिकच्या डब्याचा तळ चिकट होतो. इलाझटेक आणि पीव्हीसी एका पिशवीत ठेवली तर दोन्हींचा मिळून एक गोळा होतो, तो कशानेही सुटत नाही. म्हणून प्रत्येक जात तिच्या मूळ पाकिटातच, सरळ आडवी, आणि पाकिटं ओल्या गोणपाटात गुंडाळून पाण्याच्या कॅनशेजारी ठेवावीत. वाकडी झालेली शेपटी सरळ करायला उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून सपाट फरशीवर ठेवायची आणि वर गार पाणी ओतायचं.

एवढा खटाटोप कशासाठी? पैशांसाठी म्हणावं तर चांगल्या पाकिटाच्या किमतीत बाजारातून किलोभर चिलापी येते, म्हणजे हा हिशेब कधीच जुळायचा नाही. पण हे रबर कुजत नाही. तुटून पाण्यात पडलेला तुकडा माशाच्या पोटात गेला तर तिथेच राहतो. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विधिमंडळात २०१३ साली अशा रबरी आमिषांवर बंदी घालण्याचं विधेयक याच कारणाने आलं होतं. बंदी आली नाही, प्रश्न मात्र उरला. तापीत तर आधीच गुटख्याच्या पुड्या आणि निर्माल्याच्या पिशव्या आहेत.

तेव्हा सुलवाड्याला किंवा मुडावदला याल तर मासेमारीचा ठेका असलेल्या सहकारी संस्थेला आधी विचारा. पावसाळ्यात मरळीची लाल पिलं थव्याने पाण्यावर दिसली तर तिथे गळ टाकू नका. आई-बाप खाली राखण करत असतात आणि चिडून आमिषावर येतात, ती भूक नसते. आणि खिशात एक रिकामी पिशवी ठेवा, कापलेली डोकी आणि तुटलेल्या शेपट्या तिच्यात टाकून घरी न्या.