नकाशा वाचणारं करिअर : नगररचना आणि घरबांधणीतले सल्लागार



नववीच्या भूगोलाला दरवर्षी मी एक उपक्रम देते. आपल्या गल्लीचा नकाशा काढून आणायचा. बहुतेक मुलं रस्ता, देऊळ, शाळा, दवाखाना दाखवतात आणि मोकळी होतात. गेल्या वर्षी एका मुलीच्या नकाशात मात्र पाण्याचा नळ होता, नळावर सकाळी रांग कुठपर्यंत जाते ती तुटक रेघ होती, भाजीची हातगाडी चार वाजता कुठे लागते तो चौकोन होता आणि रात्री दिवा नसल्यामुळे बायका जी बोळ टाळतात तिच्यावर फुली होती. पालकसभेत मी तिच्या वडिलांना म्हटलं, "हिला नगररचनेकडे पाठवा." ते हसून म्हणाले, "बाई, नकाशे काढून पोट भरतं का?"

त्या वेळी घाईत धड उत्तर देता आलं नाही. ते आज लिहिते आहे. दहावीनंतर काय, या प्रश्नाला आपण डॉक्टर, इंजिनिअर, सीए, स्पर्धा परीक्षा एवढंच सांगत राहतो. त्या यादीत हा व्यवसाय क्वचितच असतो.

मुळात हे काम काय?

आपल्याकडे १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आहे. त्यानुसार शहराचा विकास आराखडा, म्हणजे आपण ज्याला 'डीपी' म्हणतो तो, साधारण वीस वर्षांसाठी तयार होतो. कुठे राहायचं, कुठे कारखाने, कोणता रस्ता रुंद होणार, कोणत्या भूखंडावर शाळेचं, मैदानाचं, दवाखान्याचं आरक्षण, हे सगळं त्यात रंगांनी दाखवलेलं असतं. हा नकाशा सरकारी नगररचनाकार करतात, पण मोजणी, सर्वेक्षण, लोकसंख्येचा अंदाज, वाहतुकीचा अभ्यास यासाठी बाहेरचे सल्लागार नेमले जातात. पुढे त्याच नकाशावर बिल्डर, सोसायट्या, झोपडपट्टीतले रहिवासी, सरकारी महामंडळं घरं बांधतात, तेव्हा प्रत्येकाला पुन्हा सल्लागार लागतो.

नकाशातली चूक किती महागात पडते ते मुंबईनं पाहिलं आहे. २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी तो उघडून बघितला तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, देवळं-चर्चच्या जागी भलतीच नोंद, वारसा वास्तू गायब. हरकतींचा पाऊस पडला. दोन महिन्यांत, एप्रिलमध्ये, मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून नव्यानं करायला सांगितलं. अंतिम मंजुरी मिळायला २०१८ उजाडलं. ती चूक पकडली कोणी? संगणकानं नाही. आपलं घर नकाशात शोधणाऱ्या माणसांनी, आणि त्यांना नकाशा कसा वाचायचा हे शिकवणाऱ्या वास्तुविशारदांनी, नगररचनाकारांनी, नागरी संस्थांनी.

तिघांनी सुचवलेलं शहर

या क्षेत्रातला माणूस आयुष्यभर काय करतो, हे शिरीष पटेल यांच्याकडे बघून कळतं. ते स्थापत्य अभियंता. देशातला पहिला उड्डाणपूल म्हणून सांगितला जातो तो मुंबईचा केम्प्स कॉर्नरचा पूल, १९६५ चा, त्यांचा. एवढ्यावर ते पुलांचे मोठे अभियंता म्हणून थांबू शकले असते. पण त्याच सुमारास वास्तुविशारद चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर त्यांनी एक सूचना मांडली : मुंबई उत्तरेकडे लांबत चालली आहे, त्याऐवजी खाडीपलीकडे नवं शहर वसवा. कोणी काम दिलेलं नव्हतं. आपणहून केलेला अभ्यास होता. पाच वर्षांनी, १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. पटेल आणि कोरिया दोघांनीही तिथे सुरुवातीची वर्षं काम केलं. पुढे पटेल एफएसआय, दाटी आणि झोपडपट्टी पुनर्वसन यांवर शेवटपर्यंत लिहीत राहिले. पूल, शहर, लेख. तिन्ही एकाच करिअरमध्ये!

कोरियांनी बेलापूरला केलेली कलाग्राम वसाहत मुलांना जरूर दाखवा. मधल्या छोट्या अंगणाभोवती सातेक घरं, आणि कोणत्याही दोन घरांत सामाईक भिंत नाही. का? शेजाऱ्याला न विचारता, पैसे जमतील तसं घर वाढवता यावं म्हणून. आज तिथली बरीच मूळ घरं पाडून लोकांनी मोठी बांधली आहेत. काहींना ते वाईट वाटतं. मला विचाराल तर घर वाढावं हाच मूळ हेतू होता.

पण नवी मुंबईची गोष्ट एवढीच सांगितली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. हे शहर रिकाम्या कागदावर नव्हतं. ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी घेतली गेली. भातशेती, मिठागरं, मासेमारी यांवर जगणारी माणसं होती ती. मोबदला तुटपुंजा, आणि नव्या शहरात त्यांची जागा कुठे हे नकाशात कुठेच नाही. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं. जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पोलीस गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर जे मिळालं त्याला आजही तिकडे नुसतं 'साडेबारा टक्के' म्हणतात : घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत.

'न्याय्य विकास' हा शब्द पुस्तकी वाटतो. त्याचा अर्थ मुलांना सांगायचा तर साडेबारा टक्क्यांपासून सुरुवात करावी. शहर वाढलं की जमिनीची किंमत वाढते. ती वाढ कोणाच्या खिशात जाणार? नगररचनेच्या सल्लागाराचं निम्मं काम या एका प्रश्नाभोवती फिरतं.

आपल्या सोसायटीतलं गणित

आता घराजवळ येऊ. मुंबई, ठाणे, पुणे इथल्या पालकांना 'रिडेव्हलपमेंट' शब्द नवा नाही. सोसायटी पुनर्विकासाला जाते तेव्हा सहकार कायद्याच्या कलम ७९(अ) खाली २००९ मध्ये निघालेले आणि २०१९ मध्ये सुधारलेले शासनाचे निर्देश लागू होतात. त्यानुसार आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमायचा. त्याला सगळे 'पीएमसी' म्हणतात. तो व्यवहार्यता अहवाल करतो, निविदा मागवतो, आलेल्या देकारांची तुलना करतो. मग सभासद विकासक निवडतात.

एक गणित करून बघा. आकडे उदाहरणापुरते आहेत, पण आठवीचं मूलही सोडवेल. वीस घरं, प्रत्येकी ५० चौरस मीटर, म्हणजे जुनं बांधकाम १००० चौ.मी. नव्या नियमानं ३००० बांधता येतं असं धरू. विकासक म्हणतो, प्रत्येकाला ६५ देतो. म्हणजे सभासदांचे १३००, विकायला उरले १७००. त्यातून बांधकाम खर्च, महापालिकेचे अधिमूल्य, तीन वर्षांचं भाडं, आणि नफा. पण समजा हिशेब असा निघतो की ७२ देऊनही त्याला वाजवी नफा उरतो. फरक घरामागे ७ चौ.मी.चा, म्हणजे मुलाच्या अभ्यासाच्या खोलीएवढा. वीस घरांचे १४० चौ.मी. दीड लाख रुपये भाव धरला तर दोन कोटी दहा लाख.

हे दोन कोटी दहा लाख कोणाकडे जाणार, ते पीएमसीच्या अहवालातल्या एका तक्त्यावर ठरतं. आणि तो तक्ता सभेत बहुतेकांना वाचता येत नाही.

आमच्याच इमारतीत हे झालं. सल्लागाराचा अहवाल साठ पानी, सगळा इंग्रजीत. पडद्यावर रंगीत चित्रं, बावीस मजली टॉवर, वर पोहण्याचा तलाव. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी उठल्या आणि म्हणाल्या, "बाळा, देखभाल महिन्याला किती येणार ते सांग." माझ्या मते त्या संध्याकाळी नगररचनेतला सगळ्यात शहाणा प्रश्न तोच होता. घर मोठं मिळालं, पण चार लिफ्ट, पंप, सुरक्षारक्षक यांचा खर्च पेन्शनमध्ये बसला नाही तर माणूस ते घर विकून लांब जातो. कागदावर त्याचं पुनर्वसन झालेलं असतं, बरं का! त्या सल्लागाराकडे उत्तर नव्हतं. नंतर कळलं की त्याची फी सोसायटी नव्हे, निवडून येणारा विकासक देणार होता. आम्ही तो ठराव बदलून घेतला. वर्गणी काढून फी स्वतः दिली, माणूसही दुसरा नेमला. त्यानं पहिल्याच सभेत मराठीत दोन पानांचा तक्ता वाटला, त्यात देखभालीचा अंदाज होता.

म्हणून या व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुलांना मी एकच गोष्ट आधी विचारायला सांगते : फी कोण देतंय, आणि राहणार कोण? दोन्ही उत्तरं एकच असतील तर काम सोपं. वेगळी असतील तर सचोटीचा कस लागतो.

चित्रकला यायलाच हवी का?

नाही. इथे येणारे सगळे वास्तुविशारद नसतात. मुंबईत १९८५ मध्ये फुटपाथवर राहणाऱ्यांची गणती 'स्पार्क' या संस्थेनं केली. त्यांना हटवण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि ते किती, कुठून आले, काय काम करतात याचा धड आकडाच कोणाकडे नव्हता. संस्थेच्या शीला पटेल यांचं शिक्षण टाटा समाजविज्ञान संस्थेतलं, समाजकार्याचं. फुटपाथवरच्या बायकांची 'महिला मिलन' ही संघटना याच कामातून उभी राहिली. या बायकांनी आपल्या घराची खऱ्या मापाची प्रतिकृती उभी करून बघितली : इथे मोरी, इथे चूल, वर पोटमाळा, आत माणसं मावतात का. कागदावरचा आराखडा न कळणाऱ्याला उभं राहून घर कळतं. आज भलेभले सल्लागार 'लोकसहभाग' म्हणून हेच करतात.

पुण्यात येरवड्याला पुढे याच वळणाचं काम झालं. वस्ती सरसकट न पाडता, गल्ल्या होत्या तशा ठेवून, कच्च्या घरांच्या जागी साधारण २७० चौरस फुटांची पक्की घरं. शेजार तोच, मुलांची शाळा तीच. वेळ खाणारं काम आहे हे. प्रत्येक घराचा कोपरा वेगळा, प्रत्येक कुटुंबाशी बोलावं लागतं.

मग रस्ता कोणता?

बारावीला गणित असेल तर चार वर्षांची बी.प्लॅन पदवी आहे. जेईई मेनमध्ये नियोजनासाठी वेगळा पेपर असतो. पुण्याच्या सीओईपीमध्ये हा अभ्यासक्रम आहे. अहमदाबादचं सेप्ट, दिल्ली, भोपाळ, विजयवाडा इथल्या नियोजन व वास्तुकला संस्था नावाजलेल्या. पाच वर्षांचं बी.आर्च. किंवा स्थापत्य अभियांत्रिकी करून दोन वर्षांचं एम.प्लॅन करता येतं. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांत एम.ए. केलेल्यांनाही अनेक ठिकाणी एम.प्लॅनचं दार उघडं असतं, हे आपल्या कला शाखेच्या मुलांना कोणी सांगतच नाही. प्रवेशाचे नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका बघावी. सरकारी नोकरी हवी असेल तर लोकसेवा आयोगामार्फत राज्याच्या नगररचना विभागात सहायक नगररचनाकार, नगररचनाकार ही पदं भरली जातात.

पालकांनी एक लक्षात ठेवावं. पदवी मिळाली की लगेच कोणी 'सल्लागार' होत नाही. पहिली काही वर्षं मोजणी, सातबारा आणि मालमत्तापत्रकं जुळवणं, महापालिकेत फायलीमागे फिरणं, उन्हात घरोघर प्रश्नावली भरणं यातच जातात. पगार संगणक क्षेत्राइतका नसतो. स्वतःचं नाव व्हायला दहा-बारा वर्षं सहज लागतात. ज्याला माणसांशी बोलायचा कंटाळा आहे त्यानं इकडे येऊ नये.

शाळेत काय करता येईल? गल्लीचा नकाशा आहेच. त्यापुढे आपल्या शहराचा विकास आराखडा महापालिकेच्या संकेतस्थळावरून काढा आणि मुलांना शाळेची इमारत त्यात शोधायला लावा. जवळच्या एका आरक्षित भूखंडावर प्रत्यक्ष घेऊन जा. आम्ही गेलो तेव्हा नकाशात हिरव्या रंगाचं मैदान होतं आणि जागेवर गाड्यांचं गॅरेज. मुलांनी तिथेच वहीत दोन रकाने आखले : 'नकाशात' आणि 'जागेवर'.

त्या मुलीनं यंदा दहावीची परीक्षा दिली. मध्ये तिचे वडील भेटले. त्यांच्या चाळीचीही पुनर्विकासाची सभा लागली होती, आणि सल्लागारानं दिलेला नकाशा घेऊन ते माझ्याकडे आले होते. मी म्हटलं, "माझ्यापेक्षा तुमच्या लेकीला दाखवा." तिनं पाच मिनिटं बघितला आणि विचारलं, "बाबा, यात नळाची टाकी कुठे दाखवलीय?"

टाकी दाखवलेली नव्हती. सभेत पहिला प्रश्न तोच विचारायचा असं ठरवून ते दोघं घरी गेले.