पुरुषांच्या पटावरची मुलगी

बुद्धिबळाच्या ऑलिंपियाडमध्ये आज दोन विभाग असतात : खुला आणि महिलांचा. ‘पुरुष विभाग’ असे तिथे काही नसते. बोलताना मात्र आपण सर्रास ‘पुरुषांचे अजिंक्यपद’, ‘पुरुषांचा संघ’ म्हणतो आणि वर्तमानपत्रेही तसेच छापतात. आता हा नुसता सवयीचा शब्द उरला आहे. पन्नास वर्षांपूर्वी तो कुंपण होता. आपल्याकडे त्या कुंपणाला पहिला मोठा धक्का दिला तो मुंबईतल्या तेरा वर्षांच्या एका मराठी मुलीने.

तिचे नाव रोहिणी खाडिलकर. साहित्याच्या वाचकाला हे आडनाव परके नाही. सांगलीत जन्मलेल्या, ‘कीचकवध’ आणि ‘मानापमान’ लिहिणाऱ्या नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ साली ‘नवाकाळ’ काढला. त्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर हे पुढे ‘अग्रलेखांचा बादशहा’ म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झाले. वसंती, जयश्री आणि रोहिणी या त्यांच्या तीन मुली. महिलांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७४ साली बंगळूरला पहिल्यांदा भरली, ती वसंतीने जिंकली. त्यानंतर दहाएक वर्षे हे अजिंक्यपद खाडिलकरांच्या घराबाहेर गेले नाही. एकट्या रोहिणीच्या वाट्याला ते पाच वेळा आले. एकाच घरात, एकाच जेवणाच्या ताटाभोवती देशाचे अजिंक्यपद फिरत राहिले, असे दुसरे उदाहरण भारतीय खेळांत मला तरी सापडलेले नाही.

पण मला सांगायचे आहे ते या दहा वर्षांबद्दल नाही. ते आहे १९७६ या एका वर्षाबद्दल.

त्या वर्षी रोहिणी महिलांची राष्ट्रीय विजेती झाली, तोवरची सर्वांत लहान. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. तिच्याआधी भारतात कोणी स्त्री तिथे खेळली नव्हती. गदारोळ झाला. मुलगी या स्पर्धेत कशी, नियमात बसते का, उद्या सगळ्याच मुली येतील, असा तो सूर. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले आणि निकाल तिच्या बाजूने लागला. पटावर बसल्यावर तिने तीन राज्य विजेत्यांना हरवले. स्पर्धा काही तिने जिंकली नाही, पण तेरा वर्षांच्या खेळाडूकडून ती अपेक्षा मुलगा असता तरी कोणी केली नसती.

हा वाद देशाबाहेरही पोहोचला. आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष तेव्हा मॅक्स यूवे होते. हा डच गणितज्ञ १९३५ ते १९३७ या काळात स्वतः जगज्जेता होता, म्हणजे खेळ आतून ओळखणारा माणूस. राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, अजिंक्यपद स्पर्धेत स्त्रीला केवळ ती स्त्री आहे म्हणून अडवता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला.

या निर्णयाचे महत्त्व कळायला आपल्याकडचा पट कुठे मांडला जात होता ते आठवावे लागेल. वाड्याची ओसरी, देवळाचा पार, व्यायामशाळेला लागून असलेली खोली, पुढे मंडळे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि त्या गावाने पुढे भाग्यश्री साठे (आताच्या ठिपसे) यांच्यासारखी खेळाडू दिली. पण अशी गावे थोडी. एरवी बायका घरात सारीपाट खेळत आणि बुद्धिबळाचा पट पुरुषांच्या बैठकीत पसरलेला असे. मुलगी शिकली तरी वडिलांकडून किंवा भावाकडून, आणि खेळायची तीही त्यांच्याशीच. खाडिलकर भगिनींना घरातच तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळाल्या, हे त्यांच्या यशाचे साधे आणि दुर्लक्षित कारण आहे. बाहेर मात्र तुल्यबळ प्रतिस्पर्धी हवा असेल, तर पुरुषांच्या स्पर्धेतच जावे लागे.

आता थोडे लांब, जॉर्जियात जाऊ. तेव्हा तो सोव्हिएत संघाचा भाग होता. नवरीबरोबर बुद्धिबळाचा पट आणि रुस्तावेलीचे महाकाव्य द्यायची पद्धत त्या देशात होती असे सांगतात. तिथल्या झुगदिदी गावात १९४१ साली नोना गाप्रिंदाश्विली जन्मली. १९६२ साली एलिझावेता बिकोवाला ९–२ असे हरवून ती महिलांची जगज्जेती झाली. तो सामना तिने एकही डाव न गमावता जिंकला आणि मग सोळा वर्षे ते पद कोणाला दिले नाही. १९७८ साली तिच्याकडून ते घेणारी मैया चिबुर्दानिद्झेही जॉर्जियाचीच, अवघ्या सतरा वर्षांची. नोनाच्या मागोमाग जॉर्जियन मुलींची एक पिढीच पटावर आली होती. तिबिलिसीत बुद्धिबळाचा जो भव्य प्रासाद आहे, त्याला नोनाचेच नाव आहे.

पण नोनाची खरी कर्तबगारी महिलांच्या गटाबाहेरची आहे. १९७७ साली अमेरिकेतल्या लोन पाइन इथल्या खुल्या स्पर्धेत ती इतर तिघांसह पहिल्या क्रमांकावर आली. पुढच्या वर्षी महासंघाने तिला ग्रँडमास्टर किताब दिला. हा किताब मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री. इथे एक खुलासा हवा. ग्रँडमास्टर होण्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत ठरावीक कामगिरी करून ‘नॉर्म’ मिळवावे लागतात आणि त्या सगळ्या नॉर्ममधल्या डावांची बेरीज एका आकड्यापर्यंत जावी लागते. नोनाची बेरीज थोडी कमी पडत होती. तरी तिची एकंदर कामगिरी पाहून किताब दिला गेला, आणि ‘बाई म्हणून दिला’ ही कुजबुज लगेच सुरू झाली. लोन पाइनला तिच्यासमोर बसलेल्यांना ती कुजबुज करायला जागा नव्हती.

इतके करून तिच्या वाट्याला काय आले, ते २०२० साली दिसले. ‘द क्वीन्स गॅम्बिट’ ही मालिका जगभर गाजली, आपल्याकडेही. तिच्या शेवटच्या भागात एक निवेदक जाता जाता म्हणतो की गाप्रिंदाश्विली ही महिलांची जगज्जेती आहे, पण ती पुरुषांशी कधी खेळलेली नाही. मालिकेतला तो प्रसंग १९६८ सालचा. नोनाने अब्रूनुकसानीचा दावा लावला. त्या सालापर्यंत आपण किमान ५९ पुरुषांशी खेळलो होतो, त्यांत दहा तरी ग्रँडमास्टर होते, असे तिने न्यायालयाला सांगितले. गंमत म्हणजे ज्या कादंबरीवरून मालिका केली, त्या वॉल्टर टेव्हिसच्या पुस्तकात नेमके उलटे आहे. तिथली नोना त्या रशियन ग्रँडमास्टरांशी अनेकदा खेळलेली आहे. नायिका एकटी, पहिली आणि अपूर्व वाटावी म्हणून पटकथेत खऱ्या बाईचे पुरुषांविरुद्धचे डाव पुसले गेले. २०२२ साली दोन्ही पक्षांत तडजोड झाली.

मला या प्रकरणात मोठा धडा दिसतो तो पुसण्याच्या रीतीचा. कोणी नोनाला वाईट खेळाडू म्हटले नाही. उलट ‘महिलांची जगज्जेती’ असा मानच दिला आणि त्या मानाच्या आडून बाकीचे सगळे काढून घेतले. रोहिणी खाडिलकरांचे आपण नेमके हेच केले आहे. १९८१ साली हैदराबादला आणि १९८३ साली क्वालालंपूरला त्या आशियाई विजेत्या झाल्या, त्याआधी १९८० चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला, हे सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडते. १९७६ सालची लढाई सापडत नाही. त्या स्वतः पुढे ‘संध्याकाळ’ या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या, तर जयश्रीताई ‘नवाकाळ’च्या. पटावरचे आयुष्य मागे पडले. माझ्या कात्रणांच्या वहीत या बहिणींचे निकाल आणि छायाचित्रे भरपूर आहेत. डावांच्या खेळ्या फारच थोड्या. मराठी वर्तमानपत्राला विजयी मुलीचा फोटो हवा असे, तिने उंट कुठे नेला हे नको असे. आणि बुद्धिबळपटूचा वारसा म्हणजे शेवटी त्याच्या खेळ्याच. गायकाच्या मैफलीचे वर्णन उरावे आणि ध्वनिमुद्रण हरवावे, तसे हे झाले आहे.

यूवेंचा निर्णय झाला म्हणून जग बदलले, असेही नाही. त्यानंतर दहा वर्षांनी, १९८६ साली, हंगेरीच्या सुझन पोल्गारने जागतिक अजिंक्यपदाच्या पात्रता फेरीत स्थान मिळवले आणि स्पर्धा पुरुषांची आहे म्हणून तिला खेळू दिले नाही. त्या स्पर्धेच्या नावातून ‘पुरुष’ हा शब्द निघाला तो त्यानंतर. म्हणजे रोहिणीचे प्रकरण कागदावर मिटले होते, लोकांच्या मनात नव्हते.

अजूनही ते पुरते मिटलेले नाही. मी राहतो लोणी काळभोरला. दर रविवारी सकाळी मुलांसाठी आठ-दहा पट मांडतो. स्पर्धेचे अर्ज भरायची वेळ आली की एखादे वडील हमखास बाजूला घेऊन म्हणतात, “काका, हिला मुलींच्यातच घाला की. ट्रॉफी पक्की.” त्यांचे चुकते असे मी म्हणणार नाही. मुलींच्या गटात खेळाडू कमी असतात, बक्षीस लवकर हाती येते, घरचे खूश होतात आणि मुलगी पुढच्या वर्षीही येते. पण गुणांकनाचे गणित निराळे आहे. ते प्रतिस्पर्ध्याच्या गुणांकनावर चालते. आपल्याहून बलवान खेळाडूशी बरोबरी केली तरी गुण वाढतात, आणि दुबळ्याला हरवून जेमतेम. वर्षानुवर्षे त्याच सात-आठ मुलींशी खेळणारी मुलगी तिथेच फिरत राहते.

मग महिलांचा गटच नको का? ज्युडिट पोल्गार जवळजवळ सगळे आयुष्य त्या गटापासून दूर राहिली आणि जगातल्या पहिल्या दहा खेळाडूंत पोहोचली, हे खरे. पण ज्युडिटसारखी एखादीच. मला जॉर्जियाची आणि खाडिलकरांची वाट पटते. महिलांचा गट ही शिडी आहे. त्यामुळे मुली येतात, टिकतात, एकमेकींना पाहतात. मात्र शिडीवरच बिऱ्हाड करायचे नसते. नोनाने सोळा वर्षे महिलांचे पद राखले आणि लोन पाइनलाही गेली. रोहिणीने एकाच वर्षी दोन्ही केले. त्या वडिलांना मी एवढेच सुचवतो : वर्षातून दोन स्पर्धा मुलींच्या, बाकी खुल्या. काही ऐकतात.

ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिलांच्या विभागांत मिळून सर्वोत्तम ठरणाऱ्या देशाला जो फिरता चषक मिळतो, त्याचे नाव गाप्रिंदाश्विली चषक. २०२२ साली चेन्नईला तो भारताने जिंकला. २०२४ साली बुडापेस्टच्या ऑलिंपियाडसाठी तो परत द्यायची वेळ आली, तेव्हा आपल्याकडे तो सापडेना. बातम्या आल्या, शोधाशोध झाली. त्याच बुडापेस्टला भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्ण मिळवले आणि तो मान पुन्हा आपल्याकडेच आला. महिला संघाचे कर्णधार पुण्याचे ग्रँडमास्टर अभिजित कुंटे होते, आणि तिसऱ्या पटावर नागपूरची दिव्या देशमुख वैयक्तिक सुवर्ण जिंकत होती.

पुढच्याच वर्षी, जुलै २०२५ मध्ये, दिव्याने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत जलद डावांत तिने कोनेरू हंपीला हरवले. स्पर्धा होती जॉर्जियातल्या बातुमीत, नोनाच्या देशात. विजेतीला थेट ग्रँडमास्टर किताब देण्याचा नियम असल्याने, एकही नॉर्म हाती नसताना, एकोणीस वर्षांची ही मुलगी महाराष्ट्रातली पहिली महिला ग्रँडमास्टर झाली. ‘नॉर्मशिवाय मिळालेला किताब’ ही कुजबुज याही वेळी झाली. नोनाच्या वेळी ज्यांनी ती केली त्यांची नावे आज कोणाला आठवत नाहीत. दिव्याचे बातुमीतले सगळे डाव मात्र खेळीनिशी नोंदवलेले आहेत. गेल्या रविवारी मी त्यांतला एक पटावर मांडला. विसाव्या खेळीला थांबून मुलांना पुढची खेळी विचारली, आणि बराच वेळ कोणालाच ती सापडली नाही.