गिर्येच्या गाळातले दफ्तर

सांगलीहून कोल्हापूर, पुढे गगनबावडा, करूळ घाट उतरून वैभववाडी, मग तळेरे आणि तिथून विजयदुर्ग. मे महिन्याच्या सुट्टीत या रस्त्याला आपल्याकडच्या गाड्यांची रांग लागलेली असते. साताऱ्याची मंडळीही येतात. किल्ल्याची तिहेरी तटबंदी पाहतात, बुरुजावर उभे राहून समुद्र पाहतात, माशांचे जेवण करतात आणि माघारी वळतात. किल्ल्याच्या मागे वाघोटन खाडीने थोडे आत गेले की गिर्ये गावाजवळ जांभ्यात खोदलेली एक भली मोठी चौकोनी जागा आहे. तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. ओहोटीला तिथे निव्वळ चिखल दिसतो. भरतीला पाणी चढते आणि खाडीचाच एखादा फाटा असावा असे वाटते.

ही मराठ्यांच्या आरमाराची गोदी. लांबी सुमारे १०९ मीटर, रुंदी सुमारे ७० मीटर. म्हणजे पावणेदोन एकरांहून मोठे, खडकात उतरवलेले आवार. आंग्र्यांच्या नावाने ती ओळखली जाते आणि पेशवाईत आरमाराचा सुभा सांभाळणाऱ्या धुळपांच्या काळातही विजयदुर्ग हेच आरमाराचे मुख्य ठाणे होते. १९९० च्या दशकात गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्व अभ्यासकांनी विजयदुर्गाच्या परिसराची पाहणी केली, तेव्हा या गोदीचीही नोंद घेतली. बराचसा भाग तेव्हाच गाळाने भरलेला होता.

किल्ल्याबद्दल आपण पुष्कळ बोलतो. गोदीबद्दल बोलत नाही, कारण तिथे लढाई झाली नाही. तिथे डागडुजी झाली, सामान उतरले, सुतार राबले. आरमार समजून घ्यायचे तर मला हीच जागा जास्त महत्त्वाची वाटते.

लाकडी जहाज समुद्रात सोडले आणि विसरले, असे कधी होत नाही. खाऱ्या पाण्यातले किडे तळाच्या फळ्या पोखरतात. शंख-शिंपले तळाला चिकटून वेग मारतात. लाटांच्या हिसक्याने फळ्यांच्या सांधी सैल होतात आणि पाणी आत झिरपते. म्हणून दर हंगामाला मोठे गुराब असो की लहान गलबत, ते बाहेर घ्यावे लागे. तळ खरवडायचा, पोखरलेली फळी काढून नवी ठोकायची, सांधी भरून वर राळ आणि तेलाचा लेप द्यायचा. या सांधी भरण्याच्या कामाला कलाफत म्हणतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र मोकळा होई तेव्हा गलबते तयार हवीत. म्हणजे आरमाराच्या वर्षातला काही काळ पाण्यावर जाई आणि काही गोदीत.

गिर्येच्या गोदीचे काम भरती-ओहोटीच्या जोरावर चाले. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाणाची भरती आली की तोफा आणि सामान उतरवून हलके केलेले जहाज गोदीच्या तोंडातून आत घ्यायचे. पाणी ओसरले की ते तळावर टेकते. मग पुढच्या भरतीपर्यंत सुतारांनी काम उरकायचे. चाके नाहीत, पंप नाहीत. चंद्राच्या तिथीवर चालणारा कारखाना. जागाही पारखून घेतलेली. मराठ्यांची गलबते उथळ बुडाची असल्याने खाडीत वरपर्यंत सहज येत. इंग्रजांच्या खोल बुडाच्या जहाजांना खाडीत इतके आत शिरणे जोखमीचे होते आणि तोंडाशी किल्ल्याच्या तोफा होत्याच.

आता सामानाचे पाहू. गगनबावड्याला गाडी चहासाठी थांबते, ते रामचंद्रपंत अमात्यांच्या बावडेकर घराण्याचे ठाणे. १७१५ च्या सुमाराचे, अमात्यांच्या नावावरचे आज्ञापत्र राज्यकारभारावरचा ग्रंथ म्हणून आपण वाचतो. त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल फार बारकाईने लिहिले आहे. राज्यातल्या अरण्यातला साग परवानगीने तोडावा, कमी पडेल तो बाहेरच्या मुलखातून विकत आणावा. आंबा-फणसाचे लाकूडही आरमाराच्या उपयोगी, पण रयतेच्या त्या झाडांना हात लावायचा नाही, कारण ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. अगदीच जीर्ण झालेले झाड असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे. लढाऊ आरमाराला लाकूड हवे आहे आणि राज्यकर्ता शेतकऱ्याच्या फणसाची काळजी वाहतो आहे! गोदीकडे जाणारा रस्ता याच बावड्यावरून जातो, हे मला दर वेळी जाणवते.

काथ्या, नारळाचे तेल, माशाचे तेल किनाऱ्यावरच मिळे. धान्याचे तसे नव्हते. कोकणात भात पिकतो, पण वर्षभराची बेगमी होत नाही. घाटावरचे धान्य आणि गूळ बैलांच्या पाठीवर लादून कुंभार्ली, आंबा, बावडा अशा घाटांनी खाली जाई, आणि तेच तांडे मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन वर येत. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक लोखंड गाळत, हे सातारा जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटिअरमध्ये नोंदलेले आहे. ते लोखंड कोणत्या घाटाने, कोणत्या बंदरावर उतरे याचा शोध सातारच्या एखाद्या तरुण अभ्यासकाने जरूर घ्यावा.

आरमार कोकणात होते, पण त्याचे शिक्कामोर्तब साताऱ्यात होई. शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास झाला. कान्होजी आंग्रे सुरुवातीला त्यांच्या बाजूला नव्हते. १७१३-१४ मध्ये बाळाजी विश्वनाथांनी त्यांची समजूत घातली आणि आरमारप्रमुखाचे सरखेलपद, किल्ले, मुलूख ठरवून देऊन त्यांना गादीशी जोडले. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांच्यामागे घरात तंटे लागले, ते मिटवण्याचे प्रयत्नही शाहूंच्या दरबारातून झाले. साताऱ्याजवळच्या धावडशीचे ब्रह्मेंद्रस्वामी या सगळ्यात मधला दुवा होते. ते आधी चिपळूणजवळच्या परशुरामला असत. १७२७ मध्ये सिद्दीने परशुरामच्या देवस्थानाचा विध्वंस केल्यावर ते घाटावर आले. आंग्रे, पेशवे, खुद्द छत्रपती यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. धावडशीला त्यांच्या समाधीपाशी उभे राहिल्यावर समुद्र आठवत नाही. पण समुद्रावरच्या किती बातम्या त्या गावात पोचल्या असतील!

गोदीला सामान किती मोलाचे होते, हे १७३५ च्या डिसेंबरात दिसले. कान्होजींच्या घरातल्या संभाजी आंग्र्यांनी इंग्रज कंपनीचे ‘डर्बी’ हे जहाज पकडले. विलायतेहून मुंबईला निघालेल्या या जहाजावर आरमारी सामानाचा मोठा साठा होता, आणि आंग्र्यांना त्याचीच निकड होती. एका चांगल्या जहाजापेक्षा त्याच्या पोटातला माल विजयदुर्गाला जास्त उपयोगी पडला.

१७४९ मध्ये तुळाजी आंग्र्यांनी मुंबईच्या इंग्रजी आरमाराचे ‘रिस्टोरेशन’ नावाचे जहाज पकडले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात साताऱ्यास शाहू महाराजांचे निधन झाले. आंग्रे आणि पेशवे यांच्यातली तेढ सांभाळून घेणारे छत्र गेले. तुळाजी आणि नानासाहेब पेशवे यांचे जमेना, आणि पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी १७५६ मध्ये अॅडमिरल वॉटसनचा काफिला विजयदुर्गासमोर आला. जमिनीवरच्या फौजेबरोबर रॉबर्ट क्लाइव्ह होता. तुळाजींची गलबते किल्ल्याच्या आडोशाला एकमेकांशी बांधून ठेवलेली होती. इंग्रजांचा एक गोळा पडला तो नेमका त्या पकडून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’वर. ते पेटले, आणि त्याच्या आगीत सगळे आरमार भस्मसात झाले. एका इंग्रजी हिशेबाप्रमाणे त्यात तीन डोलकाठ्यांची तीन जहाजे होती, दोन डोलकाठ्यांची नऊ, तेरा गलबते आणि आणखी तीसेक लहान नौका. शिवाय बांधणीवर असलेली दोन जहाजे होती. त्यांतले एक ४० तोफांचे होणार होते.

मला त्या दोन अपुऱ्या जहाजांचे फार वाटते. चाळीस तोफांचे जहाज बांधायला घेणे म्हणजे सुतारांचे कसब, लाकडाचा साठा आणि पैशाची तरतूद, सगळे त्या खाडीत जमलेले होते. ही जाणती माणसे होती, परंपरा होती. मराठी राज्याच्या दोन बाजूंतले भांडण पेशव्यांनी परक्याच्या तोफेने सोडवायचे ठरवले आणि ती परंपरा जाळून घेतली. नानासाहेबांच्या या निर्णयाचे समर्थन अनेकांनी केले आहे. मला ते पटत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहाने विजयदुर्ग पेशव्यांकडे आला आणि बाणकोट इंग्रजांकडे गेला. आनंदराव धुळपांनी आरमार पुन्हा उभे केले. एप्रिल १७८३ मध्ये रत्नागिरीच्या समुद्रात त्यांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज मोठ्या चकमकीनंतर पकडले. पण आंग्र्यांच्या वेळचा दरारा परत आला नाही. १८१८ मध्ये किल्ला इंग्रजांकडे गेला, पुढे वाफेची जहाजे आली आणि गोदीत दर भरतीला एकेक थर गाळ साचत राहिला.

हा गाळ काढून टाकावा, अशी सूचना अधूनमधून ऐकू येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यात विजयदुर्ग आहे, सातारा जिल्ह्यातला प्रतापगडही आहे. आता निधी येईल, पर्यटक वाढतील, आणि सुशोभीकरणाची घाई होईल. नेमकी त्या घाईची भीती वाटते.

गिर्येचा गाळ हा कचरा नाही. चिखलात हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड कुजवणारे जीव आणि पोखरणारे किडे तिथे फारसे जगत नाहीत. इंग्लंडच्या ‘मेरी रोझ’ या बुडालेल्या जहाजाची चिखलात गाडलेली बाजू १९८२ मध्ये बाहेर निघाली, तेव्हा दोर, भांडी, सुतारांची हत्यारे शाबूत होती. गिर्येच्या थरांखाली तासलेल्या लाकडाचे तुकडे, खिळे, राळेचे गोळे, तुटलेले नांगर असू शकतात. कोणता साग होता, खिळे कसे ठोकत, सांधी कशाने भरत, हे कोणत्याही बखरीत नाही ते त्या चिखलातून कळू शकेल. तिथे जेसीबी घातला तर दोन दिवसांत जागा स्वच्छ होईल आणि हे दफ्तर कायमचे जाईल.

सातारा-सांगलीतले कितीतरी तरुण रविवारी स्वखर्चाने गडांवर जातात, टाक्यांतला गाळ उपसतात, वाटा मोकळ्या करतात. त्यांच्या कष्टांबद्दल मला आदर आहे. त्यांना एवढेच सांगायचे आहे की गडावरचे टाके आणि खाडीतली गोदी सारखी नाही. इथे आधी मोजणी हवी, भरती-ओहोटीच्या पाण्याचा अभ्यास हवा, मग जाणकारांच्या हाताखाली थराथराने उत्खनन, आणि निघालेला चिखल चाळणीतून गाळून घेणे. बांधकामाची दुरुस्तीही चुन्यातच झाली पाहिजे. जांभा सच्छिद्र दगड आहे. त्यावर सिमेंट लावले की आत शिरलेले खारे पाणी बाहेर पडत नाही, मीठ आतच फुलते आणि दगड भुगा होऊन गळू लागतो. तटावरच्या झाडांची मुळे उपटायची नसतात, जागीच मारायची असतात.

जुनी आरमारी जागा राखण्याची दुसरीही एक रीत आहे. इंग्लंडमध्ये प्लिमथला रॉयल विल्यम यार्ड आहे. तिथल्या आरमाराला बिस्किटे, मांस, दारू पुरवण्यासाठी १८३० च्या आसपास बांधलेले ते कोठार-संकुल. १९९२ मध्ये आरमाराने ते सोडले. आज त्या दगडी इमारतींत लोक राहतात, उपाहारगृहे चालतात, कलादालने आहेत. तिथे छप्पर-भिंती शाबूत होत्या, म्हणून नवा वापर हाच जतनाचा मार्ग ठरला. गिर्येला तसे काही करायची गरज नाही. इथली मोठी वास्तू म्हणजे खडकातला खड्डा, पाणी आणि गाळ. तो जसा आहे तसा राखून, काठावर एक साधी वाट आणि गोदीचे काम समजावणारा एक नकाशा पुरेसा आहे. संग्रहालय करायचेच तर ते गावात असावे, गोदीच्या काठावर नको.

गोदीचे दुसरे दफ्तर कागदांचे, आणि ते मुख्यतः घाटावर आहे. साताऱ्याच्या द. ब. पारसनीसांनी मराठ्यांच्या आरमारावर आणि ब्रह्मेंद्रस्वामींवर पुस्तके लिहिली. त्यांच्या संग्रहासाठी साताऱ्यात संग्रहालय झाले; १९३९ मध्ये ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलवले गेले. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनी दफ्तरातून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. जमिनीवरच्या मोहिमांचे हे कागद आरमाराच्या कागदांशेजारी ठेवून वाचायला हवेत, कारण एकाच खजिन्यातून दोन्हींकडे पैसा जात होता.

साताऱ्यात, वाईत, कऱ्हाडात, मिरजेत, तासगावात अजून कितीतरी जुन्या घरांच्या माळ्यावर मोडीतल्या कागदांची गाठोडी आहेत. घर पाडताना, विकताना ती रद्दीत जातात. आपल्या घरात असे गाठोडे असेल तर ते एकदा मोडी जाणणाऱ्याला दाखवा. कागद देऊ नका हवे तर, पण त्यांची छायाचित्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेपर्यंत पोचवा. आणि पुढच्या सुट्टीत विजयदुर्गाला गेलात तर भरतीची वेळ विचारून घ्या, ओहोटीला गिर्येला जा, काठावरून गोदी पाहा. आत मात्र उतरू नका.